राज्यव्यवहारकोश आणि फौजेची बोली : जिंजीपासून राक्षसभुवनापर्यंत

मराठ्यांच्या दक्षिणेतील राज्यविस्ताराचा विचार करताना भाषेचा पुरावा बहुधा एकाच प्रश्नापुरता पुढे आणला जातो. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारातील यावनी शब्द दूर करण्याचा उपक्रम आरंभिला, तो हळूहळू फळास आला, आणि पेशवाईच्या प्रारंभी मराठी लेखन फारशीच्या दाबातून जवळजवळ मोकळे झाले, असा हा सिद्धांत आहे. त्याचा मुख्य आधार वि. का. राजवाडे यांची सुप्रसिद्ध मोजणी. १६२८ च्या एका पत्रात शेकडा ८० हून अधिक शब्द फारशी, १६७७ च्या पत्रात शेकडा ३७ च्या आसपास आणि १७२८ च्या पत्रात शेकडा ६ ते ७, असा उतरता क्रम राजवाड्यांनी दाखविला. आकडे बोलके आहेत, आणि म्हणूनच ते एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात विनातक्रार उतरत आले आहेत. परंतु तीन पत्रे म्हणजे भाषा नव्हे. पत्र कोणी, कोणास आणि कोणत्या कामासाठी लिहिले यावर त्यातील शब्दांचे प्रमाण अवलंबून असते. देवस्थानाच्या इनामाचे पत्र आणि मोर्च्यावरून आलेले बातमीपत्र ही एकाच सालातील असली तरी त्यांची भाषा एक असत नाही. या मोजणीचा खरा कस लावावयाचा तर तो फौजेच्या लिखाणावर लावावयास हवा. कारण मराठ्यांचे राज्य दक्षिणेत पसरले ते फौजेच्या बळावर, आणि त्या फौजेचे हिशेब, हजेरी व बातम्या लिहिणारा कारकून कोणते शब्द वापरीत होता, हे पाहिल्यावाचून राज्याच्या भाषेविषयी निर्णय देता येत नाही.

राज्यव्यवहारकोशाचा जन्म आणि कर्नाटकाची स्वारी यांचे नाते या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर रचला गेलेला हा संस्कृत पद्यकोश रघुनाथपंतांच्या नावावर आहे. सुमारे १,४०० रूढ शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिलेले आहेत, आणि त्याची राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग व पण्यवर्ग अशी दहा वर्गांत मांडणी आहे. कोशकर्ते म्हणून परंपरा ज्यांचे नाव घेते ते रघुनाथ नारायण हणमंते हे तंजावरास व्यंकोजीराजांच्या कारभारात होते. तेथे न पटल्यामुळे ते शिवाजीमहाराजांकडे आले, आणि १६७७ च्या दक्षिण दिग्विजयामागील मसलतीत त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे जो पुरुष राज्याच्या शब्दांची यादी शुद्ध करीत होता तोच राज्याची सीमा कावेरीपर्यंत नेण्याची योजना आखीत होता. अभ्यासकांनी या दोन कामांची सांगड सहसा घातलेली नाही. दूरच्या परमुलखात, तमिळ व तेलुगू भाषकांच्या प्रदेशात, नव्या राजाचे सार्वभौमत्व ज्या भाषेत उच्चारावयाचे ती सर्व हिंदुस्थानास ओळखीची असावी, एवढा व्यवहारी हेतू कोशामागे असणे अगदी शक्य आहे. तसे मानल्यास कोशाला भाषाशुद्धीचा जाहीरनामा ठरविण्याची गरज उरत नाही.

कोशाचे पुढे काय झाले? याचे उत्तर जिंजीत मिळते. १६७७ मध्ये महाराजांनी घेतलेल्या या किल्ल्याने १६८९ पासून १६९८ पर्यंत राजाराममहाराजांच्या दरबाराला आश्रय दिला. याच ठिकाणी, सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजारामांच्या आज्ञेवरून आपली बखर लिहिली. बखरकार छत्रपतींच्या पदरचा, श्रोता स्वतः छत्रपती, आणि विषय कोशाच्या प्रेरकाचेच चरित्र. शुद्ध परिभाषा वापरण्यास यापेक्षा अनुकूल प्रसंग कोणता असणार? तथापि सभासद जेव्हा फौजेची रचना सांगू लागतात तेव्हा पंचवीस बारगिरांवर हवालदार, त्यावर जुमलेदार, हजारी, पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत अशीच उतरंड येते. पागा आणि शिलेदार हे शब्दही जेथल्या तेथे आहेत. कोश होऊन जेमतेम वीस वर्षे झाली होती.

येथे कोशाचा पक्ष घेणारे म्हणतील की अष्टप्रधानांची नावे तर बदलली. ते खरे आहे. मजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत झाला, आणि ही नावे टिकली. मात्र कोठे टिकली ते पाहिले पाहिजे. ती मुद्रांत, सनदांच्या मायन्यांत आणि घराण्यांच्या बिरुदांत टिकली. जेथे पद मानाचे झाले आणि काम दुसरीकडे गेले तेथे ती अधिक सुखाने नांदली. पेशव्यांच्या मुद्रेवर ‘मुख्य प्रधान’ कोरलेले असे, पण त्यांना आणि त्यांच्या अमदानीला जगाने पेशवे व पेशवाई याच नावांनी ओळखले. ‘सेनापती’ दाभाड्यांच्या घरात वंशपरंपरा राहिले. त्याच काळात प्रत्यक्ष फौजेचे नेतृत्व बाजीरावाच्या नव्या सरदारांकडे गेले. आणि अठराव्या शतकात स्वतः छत्रपतींच्या दरबारातून ज्या नव्या पदव्या निघाल्या त्या तर शुद्धीच्या कल्पनेला सरळ सरळ छेद देतात. नागपूरकर भोसले ‘सेनासाहेबसुभा’, बडोदेकर गायकवाड ‘सेनाखासखेल’. पहिला शब्द संस्कृत, पुढचे अरबी-फारशीच्या वळणाचे, आणि जोडणी अशी बेमालूम की उच्चारणाऱ्याला सांधा जाणवू नये. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही पदव्यांची नावे कोशातील सर्व पर्यायांहून अधिक बोलकी आहेत. त्यांच्यात दरबाराने फौजेच्या बोलीशी केलेला तह दिसतो.

दक्षिणेत सुरू झालेल्या या परीक्षेचे दुसरे स्थळ गोदावरीच्या काठी आहे, आणि ते घेण्याचे कारण असे की तेथे दोन राज्यांच्या फौजा एकाच भाषिक प्रदेशात समोरासमोर आल्या. बीड जिल्ह्यातील गेवराई तालुका हा गोदावरीच्या दक्षिण तीराचा मुलूख. उमापूर आणि राक्षसभुवन ही दोन्ही गावे याच तालुक्यातील. हा टापू १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि पुणे दरबारच्या कागदांत त्याचे नाव ‘मोगलाई’. १७६३ साली पेशवे व निजाम यांच्यातील वर्षभराची धावपळ येथेच संपली. त्या वर्षी दोन्ही पक्षांनी समोरासमोरची लढाई टाळून एकमेकांचा मुलूख उद्ध्वस्त केला. निजामअलीच्या फौजेने पुणे लुटले व जाळले, मराठ्यांनी निजामाचा प्रदेश हैदराबादेच्या रोखाने तुडविला. पावसाळ्यात निजामअली गोदावरी ओलांडून उत्तर तीरावर गेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर राहिला. १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव आणि रघुनाथराव यांनी त्याला राक्षसभुवनी गाठले. रघुनाथराव शत्रूच्या घेऱ्यात सापडले असता तरुण माधवरावांनी चालून जाऊन त्यांना सोडविले, विठ्ठल सुंदर रणात पडला, आणि नदीला पूर असल्यामुळे पैलतीरावरच्या निजामअलीला स्वस्थ पाहत राहण्यावाचून गत्यंतर उरले नाही. पुढे सप्टेंबरात औरंगाबादेस तह झाला.

लढाईचा हा वृत्तांत सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यातील माणसांची भाषा कोणती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ‘मोगलां’चा दिवाण विठ्ठल सुंदर, ज्याचा किताब राजा प्रतापवंत, हा महाराष्ट्रीय ब्राह्मण. त्या वर्षी निजामाच्या बाजूस गेलेले जानोजी भोसले हे छत्रपतींचे सेनासाहेबसुभा. लढाईपूर्वी त्यांना गुप्तपणे फोडण्यात आले. मिरजेचे गोपाळराव पटवर्धनही पेशव्यांवर रुसून तिकडेच गेलेले. तेव्हा ‘मराठे’ व ‘मोगल’ या नावांनी ज्या दोन छावण्या इतिहासात उभ्या केल्या जातात त्यांच्या दोन्ही बाजूंस मराठी बोलली जात होती, मोडी लिहिली जात होती, आणि फौजेचे शब्द तर सारखेच होते. मराठ्यांकडे सरकारी घोडदळाची ‘पागा’. हैदराबादेत निजामाच्या खास घोडदळावरून नाव पडलेले उमराव ‘पायगा’वाले. शब्द एकच. रसद-सामानासह मागे राहणारे ते ‘बुणगे’, पिछाडी राखणारा तो ‘चंदावल’, रात्रीची गस्त घालणारा तो ‘छबिना’. सीमेवरच्या अनेक गावांत महसुलाचाही एकच शब्द चाले. जेथे निजाम व मराठे दोघेही वसूल घेत तेथे ‘दुअंमल’. नांगरामागे चालणाऱ्या कुणब्याला दोन राज्ये दोन भाषांतून कधीच भेटली नाहीत. ती एकाच कागदाच्या दोन रकान्यांतून भेटली.

राजवाड्यांच्या उतरत्या आकड्यांना येथे आणखी एक अडचण उभी राहते. १७६३ च्या पावसाळ्यातील मराठी दफ्तरी कागदांचे साल काय? अर्बा सितैन मया व अलफ, म्हणजे अरबी संख्यावाचकांनी सांगितलेले ११६४. शब्दसंग्रहाच्या अभ्यासात संख्यावाचके ही भाषेच्या गाभ्यात धरली जातात. उसनी येण्याच्या क्रमात ती फार मागे असतात. ज्या दफ्तरात वर्ष अरबीत मोजले जात होते आणि पेशवाईच्या शेवटापर्यंत मोजले गेले, तेथे फारशीचे प्रमाण शेकडा ६ वर आले असे म्हणण्यापूर्वी कोणते शब्द मोजले आणि कोणते ठरीव मजकूर म्हणून बाजूस ठेवले, हे सांगितले गेले पाहिजे. राजवाड्यांची थोरवी त्यांनी सामान्य वाचकापुढे मूळ पत्रे ठेवली यात आहे, मोजणीत नाही. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी १८९७ पासून पटवर्धनांच्या दफ्तरातील पत्रे ऐतिहासिक लेखसंग्रहात छापावयास घेतली त्यांचे मोलही हेच. त्या पत्रांतील भाषा संपादकाने सारवून घेतली असती तर आजचा हा विचारही शक्य झाला नसता.

तथापि फौजेची बोली म्हणजे केवळ फारशीचा अवशेष, असे समजणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. चौथ, खंडणी, तळ, वेढा, छापा, आघाडी, पिछाडी, लूट हे शब्द घरचेच आहेत, आणि त्यातील ‘चौथ’ तर फारशी व इंग्रजी कागदांत जसाच्या तसा गेला. बंगाल्यात १७४० नंतरच्या भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी ‘बारगीर’ या शब्दाचा ‘बर्गी’ झाला आणि तो लेकरांना भिवविण्याचा शब्द होऊन बसला. मूळ फारशी शब्दाला मराठ्यांनी स्वतःचा अर्थ दिला आणि तो अर्थ परप्रांतात निर्यात झाला. अशा शब्दाला उसना म्हणावे की आपला, हा वाद फारसा फलदायी नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यात या बोलीत एक तिसरा प्रवाह मिसळला आणि तो दक्षिणेतूनच आला. कर्नाटकाच्या राजकारणात मराठे तेव्हा खोलवर गुंतलेले होते. १७४१ मध्ये रघूजी भोसल्यांनी त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबास कैद केले. १७५१ मध्ये अर्काटच्या वेढ्यात क्लाइव्हच्या मदतीस मुरारराव घोरपड्यांचे स्वार आले. फ्रेंच व इंग्रज यांच्या कवायती पायदळाशी मराठी स्वाराची पहिली जवळची ओळख या रणांगणांवर झाली. त्याच साली बुसी हा फ्रेंच सेनानी निजामाच्या फौजेबरोबर औरंगाबादेस आला आणि नवी युद्धरीती गोदावरीपर्यंत पोचली. तिच्याबरोबर शब्द आले. ‘गारदी’ हा फ्रेंच किंवा पोर्तुगीज पहाऱ्याच्या शब्दावरून. ‘तिलंगा’ म्हणजे तेलंगणातून भरती झालेला कवायती शिपाई. पुढे उत्तर हिंदुस्थानात कंपनीच्या कोणत्याही शिपायाला हे नाव पडले. ‘कंपू’, ‘काडतूस’, ‘कप्तान’ हे पोर्तुगिजांचे देणे, ‘पलटण’ युरोपीय कवायतीचे. मूळ फ्रेंच संबोधनाचा ‘मूसा’ झाला आणि १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत निजामाच्या पलटणींचा नायक असलेल्या रेमोंला हैदराबादेच्या लोकांनी मूसा रहीम व मूसा राम अशी दोन नावे दिली, ही गंमत शब्दव्युत्पत्तीच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

यांपैकी ‘गारदी’ या एका शब्दाचा प्रवास सविस्तर पाहण्याजोगा आहे. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान आधी निजामाच्या चाकरीत होता. तो पेशव्यांकडे आला आणि १७६० मध्ये उदगीर येथे निजामाविरुद्ध त्याच्या गारद्यांनी मोलाची कामगिरी केली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावरही गारदी शेवटपर्यंत लढले. त्या वेळी हा शब्द एका कसबी, पगारी, बंदूकधारी शिपायाचा होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा वध केला, आणि त्यानंतर शब्दाचा रंगच पालटला. आज ‘गारदी’ म्हटले की मराठी वाचकासमोर मारेकरी उभा राहतो. या प्रसंगाने ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचारही भाषेला दिला. दंतकथेतील ज्या दोन क्रियापदांवर एवढा अनर्थ घडला ती दोन्ही मात्र अस्सल मराठी आहेत.

आता अर्वाचीन इतिहासलेखनाकडे वळावे लागते, कारण कोशाने जे साधले नाही ते गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांनी साधले आहे. त्यांत शिलेदार, बारगीर, गारदी, तिलंगा आणि पेंढारी या सर्वांचा ‘सैनिक’ होतो आणि हजारो जण एका ‘सैन्या’त गोळा होतात. हे भाषांतर निरुपद्रवी नाही. शिलेदाराचे घोडे व हत्यार स्वतःचे. घोडे पडले तर त्याचा संसार पडला, म्हणून तो लढाईत हात राखून असे. बारगिराखालचे घोडे सरकारचे. त्याची निष्ठा पागेशी. गारदी महिन्याच्या पगारावर. पगार थकला की तो धरणे धरी, प्रसंगी धनी बदली. पेंढाऱ्याला पगारच नाही. तो लुटीवर जगे आणि लुटीचा हिस्सा देई. १७६३ मध्ये सरदार इतक्या सहजतेने या तीरावरून त्या तीरावर का जात होते, समोरासमोरची लढाई सारे वर्षभर का टाळली गेली, ऐन वेळी जानोजींना फोडणे का शक्य झाले, या प्रश्नांची निम्मी उत्तरे या चार-पाच शब्दांच्या अर्थातच आहेत. ते शब्द पुसून ‘सैनिक’ लिहिला की मागे केवळ निष्ठा व फितुरी यांचे नाटक उरते. इतिहासकार मग विठ्ठल सुंदराला देशद्रोही म्हणतो आणि जानोजींना दुबळे, आणि प्रश्न सुटला असे मानतो.

या शुद्धीच्या आग्रहाला ‘गनिमी कावा’ या शब्दाइतके चोख उत्तर दुसरे नाही. मराठ्यांच्या युद्धनीतीचे हे मानाचे नाव. परंतु ‘गनीम’ हा अरबी शब्द मोगल लेखक मराठ्यांसाठीच वापरीत, लुटारू शत्रू या अर्थाने. ‘कावा’ हा घोडा गोल फिरविण्याचा स्वारांचा शब्द. शत्रूने दिलेली शिवी उचलून तिलाच आपल्या कौशल्याचे नाव करावे, ही ठसठशीत आत्मविश्वासाची खूण आहे. या आत्मविश्वासाला कोशाची गरज लागली नाही. राक्षसभुवनापूर्वीच्या मोहिमेत मल्हारराव होळकरांनी ज्या रीतीचा आग्रह धरला ती हीच रीत होय.

शत्रूच्या नावाचे उलटे उदाहरण म्हणजे ‘मोगलाई’. प्रारंभी हा शब्द केवळ मालकी सांगणारा होता; महसुलात ‘स्वराज्या’चा अंमल आणि ‘मोगलाई’ अंमल असे दोन हिस्से असत. पुढे पुण्याकडच्या मराठीत त्याचा अर्थ बेबंदशाही असा झाला, आणि ‘ही काय मोगलाई आहे?’ हा प्रश्न ब्रिटिश अमलातील सुशिक्षिताच्या तोंडी सहज बसला. ज्या उमापूर-राक्षसभुवनाच्या पट्ट्यात मराठी बोलणारे लोक पिढ्यान् पिढ्या या नावाच्या राज्यात राहिले, त्यांच्या गावाचे नाव असे शिवीत जमा झाले. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यातील माणसाने त्यांना ‘मोगलाईतले’ म्हणावे, आणि दोघांची बोली, देव व सोयरिकी एकाच असाव्यात, ही स्थिती १९४८ पर्यंत होती. मराठवाड्याच्या इतिहासाकडे पश्चिम महाराष्ट्रातील लेखकांनी जी तटस्थ, किंबहुना थोडी परकी नजर ठेवली तिच्यात या एका शब्दाचा हात किती, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

हा अर्थ कोशात गोठविण्याचे काम ज्यांनी केले त्यांचा लष्कराशी असलेला संबंधही दुर्लक्षिण्याजोगा नाही. १८०३ च्या सप्टेंबरात शिंदे-भोसल्यांनी दक्षिणेस हैदराबादेकडे उतरू नये म्हणून वेलस्ली गोदावरीच्या काठाने याच टापूपर्यंत खाली आला होता. त्याच महिन्यात २३ तारखेस असईची लढाई झाली. त्याच वर्षी दूर तंजावरास, १७९९ मध्ये राज्यकारभार कंपनीच्या हाती सोपवून बसलेल्या सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या मंदिरावर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. फौज उरली नाही तेव्हा तिची हकीकत दगडावर गेली. पुढे १८३१ मध्ये मुंबईस मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता मोल्सवर्थ आणि त्याचे साहाय्यक कँडी बंधू हे कंपनीच्या मुंबई फौजेतील अधिकारी. पेशवाई बुडून अवघी तेरा वर्षे झाली होती, आणि पागा, बारगीर, बिनी, छबिना हे शब्द विजेत्या फौजेच्या माणसांनी, ते वापरणारी माणसे हयात असतानाच, टिपून घेतले. आपल्या या शब्दांच्या अर्थासाठी आजही त्यांच्याचकडे जावे लागते. त्यांचा संग्रह मुख्यतः मुंबई इलाख्यातील मराठीचा आहे. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात पुण्यास छापला गेला, तेव्हाही गोदावरीच्या दक्षिणेचा हा मुलूख दुसऱ्या राज्यात होता. गेवराई, बीड, अंबडकडील देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांतून फौजेला दिलेल्या घासदाण्याचे, रसदेचे व वेठीचे जे मोडी कागद असतील त्यांतील शब्दांची नोंद ‘मोगलाई’च्या आतल्या बाजूने व्हावयाची आहे.